कचरा जाळून उरलेल्या राखेची काच: कशी होते आणि कुठे फसते

एक टन शहरी कचरा भट्टीत जाळला की त्याचं आकारमान जवळपास ९० टक्क्यांनी घटतं, पण वजनाचा साधारण पाव हिस्सा राख म्हणून उरतोच. ही राख एका जातीची नसते. भट्टीच्या जाळीवरून खाली पडते ती तळराख, टनामागे २०० ते ३०० किलो. तिच्यात वाळू, फुटकी काच, विटांचे तुकडे, खिळे, ॲल्युमिनियमची झाकणं असं सगळं भाजून निघालेलं असतं. धुराबरोबर वर उडते आणि बॉयलरमध्ये किंवा कापडी पिशव्यांच्या फिल्टरमध्ये अडकते ती फ्लाय ॲश, टनामागे जेमतेम २० ते ४० किलो. कोळशाच्या वीजकेंद्रातली, सिमेंटमध्ये जाणारी फ्लाय ॲश ती ही नव्हे. दोघींचं रसायन पूर्ण वेगळं आहे.

कचऱ्याची फ्लाय ॲश करडी आणि पिठूळ असते. उघडी ठेवली तर हवेतली वाफ ओढून घेते आणि काही तासांत तिचे ओलसर गोळे होतात. हे काम तिच्यातल्या कॅल्शियम क्लोराईडचं. जळताना प्लास्टिक आणि मिठातून निघालेला हायड्रोजन क्लोराईड वायू मारण्यासाठी धुराच्या वाटेत चुना फवारतात. तो चुना, त्याचं क्लोराईड, जिप्सम, साधं मीठ आणि पोटॅशियम क्लोराईड हे सगळं या राखेत येऊन बसतं. क्लोरीनचं प्रमाण १० ते २५ टक्के, जस्त एखादा टक्का किंवा जास्त, शिसं टक्क्याच्या दशांशात, कॅडमियम किलोमागे काहीशे मिलिग्रॅम. वर डायॉक्सिन, म्हणजे जळताना बनणारी क्लोरीनची अतिविषारी संयुगं. म्हणून बहुतेक देशांत ही राख घातक कचरा धरली जाते आणि तिला थेट भरावभूमीत टाकता येत नाही.

तिची काच करायची कल्पना ऐकायला सरळ आहे: १३०० ते १५०० अंश सेल्सियसला वितळवा, झटकन थंड करा. भट्टीत काच होतेही. अडतं ते दोन गोष्टींवर, क्लोरीन आणि वीज. या दोन्हींचा हिशेब आधी मांडला नाही तर पुढचं सगळं फुकट जातं.

काचेत धातू अडकतात म्हणजे काय

काच म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनची विस्कळीत जाळी. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, आणि हे चौकडे कोपऱ्यांनी एकमेकांना जोडलेले; पण स्फटिकात असते तशी शिस्त नाही. ॲल्युमिनियमही या जाळीत सिलिकॉनच्या जागी बसू शकतं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम जाळीचे काही सांधे सोडवतात आणि मधल्या पोकळ्यांत राहतात. त्यामुळे वितळण्याचं तापमान खाली येतं. शिसं, जस्त, कॅडमियम, क्रोमियम हे ऑक्साईडच्या रूपात असतील तर तेही याच जाळीत ऑक्सिजनला धरून बसतात. राखेत हे धातू कणाच्या पृष्ठभागावर विरघळणाऱ्या क्षारांच्या रूपात चिकटलेले होते. काचेत त्यांना बाहेर यायचं तर आधी जाळी झिजावी लागते, आणि ती अतिशय हळू झिजते.

सिमेंटमध्ये राख कालवून गोळा करण्यात आणि काच करण्यात हा मूळ फरक आहे. सिमेंटच्या ठोकळ्यात धातू बारीक छिद्रांच्या जाळ्यात अडकून असतात आणि आम्ल पाणी लागलं की निसटू शकतात. शिवाय सिमेंट मिसळल्याने वजन आणि आकारमान दोन्ही वाढतात. काचेचं उलट आहे: सैल फ्लाय ॲशची घनता पाण्याच्या निम्मी-पाऊण, काचेची पाण्याच्या २.६ ते २.९ पट. डायॉक्सिन तर एवढ्या तापमानाला टिकतच नाहीत. मात्र धूर थंड होताना २५० ते ४०० अंशांच्या टप्प्यात ते पुन्हा तयार होऊ शकतात. म्हणून भट्टीतून निघणारा वायू या टप्प्यातून शक्य तितक्या लवकर खाली आणावा लागतो.

पारा या सगळ्यात बसत नाही. तो काचेत थांबतच नाही, पूर्ण वायूत जातो. त्यासाठी वायुमार्गात सक्रिय कोळसा लागतोच.

आधी विजेचा हिशेब

एक किलो कोरडी राख साध्या तापमानापासून १४०० अंशांपर्यंत नेऊन वितळवायला सिद्धांतानुसार अर्ध्या युनिटच्या आसपास ऊर्जा लागते. प्रत्यक्षात भट्टीच्या भिंती, वायू आणि पाण्याने थंड केलेल्या भागांतून उष्णता जाते, म्हणून किलोला पाऊण ते दीड युनिट धरावं. हिशेबासाठी एक युनिट घेऊ. एक टन कचरा जाळून चांगल्या केंद्राला बाहेर देण्यासाठी साधारण ५०० युनिट वीज मिळते. २५० किलो तळराख वितळवायची तर त्यातली निम्मी वीज भट्टीतच गेली. फ्लाय ॲश ३० किलो. धुऊन ती २० किलोवर येते, त्यात तेवढाच काचेचा चुरा मिसळला तरी ४० युनिट. म्हणजे आठ टक्के.

आमचं मत यावरच बेतलेलं आहे: वितळवायची ती फ्लाय ॲश. तळराखेतलं लोखंड चुंबकाने आणि ॲल्युमिनियम-तांबं एडी करंट यंत्राने काढून, दोन-तीन महिने उघड्यावर मुरवून ती रस्त्याच्या भरावात वापरता येते. त्यासाठी १४०० अंशांची गरज नाही. मुरताना हवेतला कार्बन डायऑक्साईड चुन्याला बांधतो, पीएच १२ वरून खाली येतो आणि शिशाची विद्राव्यता घटते. जागेची प्रचंड टंचाई असेल, भरावभूमी मिळतच नसेल, तर तळराखही वितळवतात. जपानने १९९० च्या दशकापासून हे मोठ्या प्रमाणावर केलं, आणि पुढे वीज व देखभालीचा खर्च पाहून त्यातल्या बऱ्याच भट्ट्या बंदही केल्या.

धुणं: सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी

सिलिकेट काचेत क्लोरीन जेमतेम एखादा टक्का विरघळतो. सल्फेटचंही तसंच. राखेत २० टक्के क्लोरीन असताना ती तशीच भट्टीत घातली तर जास्तीचं मीठ काचेत शिरत नाही. वितळलेल्या काचेवर ते तेलाच्या तवंगासारखं वेगळं तरंगतं. सोडियम क्लोराईड ८०१ अंशांना वितळतं आणि १४६५ च्या सुमारास उकळतं, म्हणजे १४०० ला त्याची वाफ जोरात निघत असते. ही वाफ वायुनळीत थंड जागी जमून नळी बुजवते. वाटेत भट्टीच्या विटाही खाते.

क्लोरीनचा दुसरा उपद्व्याप जास्त गंभीर आहे. जस्ताचं ऑक्साईड १९०० अंशांनाही वितळत नाही, पण जस्ताचं क्लोराईड ७३२ अंशांच्या आसपास उकळतं. शिशाचं क्लोराईड ९५० ला. म्हणजे ज्या धातूंना काचेत कोंडायचं, त्यांनाच क्लोरीन पंख देतो.

म्हणून आधी धुवायचं. कोरड्या राखेच्या किलोमागे तीन लिटर पाणी घालून १५ ते २० मिनिटं ढवळणं, फिल्टर प्रेसमध्ये पिळणं, मग दुसरं आणि शक्यतो तिसरं धुणं. ताजं पाणी शेवटच्या टप्प्याला द्यायचं आणि तिथून निघालेलं पाणी मागच्या टप्प्याला. असं उलट दिशेने फिरवलं की एकूण पाणी आटोक्यात राहतं. एकाच वेळी किलोला दहा लिटर ओतून एकदाच धुण्यापेक्षा थोड्या पाण्यात दोन-तीनदा धुणं केव्हाही बरं, कारण पिळल्यावर लगद्यात अडकलेलं पाणीच मीठ परत घेऊन जातं. व्यवस्थित केलं तर ८० ते ९५ टक्के क्लोराईड निघून जातं आणि राखेचं कोरडं वजन साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटतं.

उरतं ते हट्टी क्लोरीन. चुना आणि ॲल्युमिनापासून पाण्यातच एक संयुग तयार होतं, फ्रीडेलचं मीठ; त्यात क्लोरीन स्फटिकाच्या थरांमध्ये अडकतो आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. यावर इलाज म्हणजे धुताना लगद्यात कार्बन डायऑक्साईड सोडणं. केंद्राचा स्वतःचा स्वच्छ केलेला धूर त्यासाठी चालतो. वायू त्या संयुगाला मोडतो आणि पीएचही खाली आणतो. याचा आणखी एक फायदा आहे. राखेच्या पाण्याचा पीएच १२ च्या वर असतो आणि शिसं आम्लात जसं विरघळतं तसं तीव्र अल्कलीतही विरघळतं. पीएच १० च्या आसपास आणला की ते पुन्हा खाली बसतं. थांबायचं तिथेच, सातकडे नेला तर जस्त आणि कॅडमियम सुटू लागतात.

एक धोका नवख्यांच्या लक्षात येत नाही. राखेत धातुरूप ॲल्युमिनियमचे कण असतात, आणि अल्कली पाण्यात ॲल्युमिनियम हायड्रोजन सोडतं: एक किलो ॲल्युमिनियममागे सव्वा घनमीटर वायू. धुण्याची टाकी, लगद्याची बंद पिंपं, ओल्या राखेचे सायलो, सगळीकडे वायुवीजन हवं आणि ठिणगी नको.

धुतल्यावर प्रश्न पाण्यात जातो, संपत नाही. त्या पाण्यातले जड धातू सल्फाईड किंवा तत्सम रसायन घालून गाळावे लागतात. उरलेलं खारं पाणी आटवून मीठ काढावं लागतं. इथे केंद्राची टाकाऊ उष्णता कामी येते. ज्यांच्याकडे खाऱ्या पाण्याची सोय नाही त्यांनी काचेच्या भट्टीची चौकशीच करू नये.

मिश्रण बसवणं

धुतलेल्या फ्लाय ॲशमध्ये चुना फार आणि सिलिका कमी. एकट्या कॅल्शियम ऑक्साईडचा वितळणबिंदू २६०० अंशांच्या आसपास आहे, सिलिकाचा १७१३. पण सिलिका, ॲल्युमिना आणि चुना योग्य प्रमाणात एकत्र आले तर मिश्रण ११७० अंशांनाही द्रव होऊ शकतं. त्या प्रमाणात सिलिका ६२ टक्के, चुना २३ आणि ॲल्युमिना १५ असतो. आपण नेमके त्या बिंदूवर पोचत नाही, पण दिशा तीच: सिलिका वाढवायची.

कामाला येतो तो एकच आकडा, चुना भागिले सिलिका. याला बेसिसिटी म्हणतात. समजा धुतलेल्या राखेत कॅल्शियम ऑक्साईड ४० टक्के आणि सिलिका १५ टक्के आहे, गुणोत्तर २.७. ही राख एकटी वितळली तरी थंड होताना काच न राहता स्फटिक होईल. आता १०० किलो राखेत ६० किलो बाटल्यांच्या काचेचा चुरा घाला. त्या काचेत सिलिका ७२ टक्के, चुना १० टक्के धरू. एकूण चुना ४६ किलो, सिलिका ५८ किलो, गुणोत्तर ०.७९. चुरा १०० किलो केला तर ५० आणि ८७, गुणोत्तर ०.५७. चुऱ्याऐवजी धातू काढलेली तळराख १०० किलो घातली, जिच्यात सिलिका ४५ आणि चुना १८ टक्के, तर ५८ आणि ६०, गुणोत्तर ०.९७, अगदी काठावर. साधारण ०.६ ते ०.९ मध्ये काम सुरळीत चालतं. एकच्या वर गेलं की द्रव पातळ राहतो खरा, पण गोठताना गेलेनाइटसारखे स्फटिक पटकन धरतात आणि काच पाण्याला कमी टिकते. ०.५ च्या खाली द्रव इतका घट्ट होतो की तोटीतून वाहत नाही.

बाटल्यांच्या काचेतून सोडाही येतो, तो तापमान आणखी उतरवतो. क्लोरीनसाठीही चुरा उपयोगी पडतो: राखेत २ टक्के क्लोरीन उरला असेल तर १:१ मिश्रणात तो १ टक्का होतो, म्हणजे काचेला झेपण्याच्या हद्दीत.

राख पावडर म्हणून टाकायची नाही. भट्टीतल्या वायूबरोबर ती सरळ नळीत उडते. काचेच्या बारीक चुऱ्याबरोबर कालवून, दाबून एक-दोन सेंटिमीटरच्या गोळ्या कराव्यात आणि पूर्ण वाळवाव्यात. ओली गोळी वितळलेल्या काचेत पडली तर वाफेचा स्फोट होतो.

हे प्रमाण प्रयोगशाळेत आधी मुशीत पाहून घ्यावं. ५० ते १०० ग्रॅम मिश्रण ॲल्युमिनाच्या मुशीत, मूस एक तृतीयांशच भरलेली, कारण कार्बोनेट आणि सल्फेट वायू सोडतात आणि फेस उतू जातो. १४०० अंशांना तासभर धरायचं, वायुवीजन असलेल्या भट्टीतच. निम्मं पाण्यात ओतायचं, निम्मं तापवलेल्या ग्राफाइटच्या साच्यात. पाण्यात पडलेला भागही अपारदर्शक, दाणेदार दिसला तर स्फटिक झालेत. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये टोकदार शिखरं दिसतील. नुसता रुंद उंचवटा दिसला तर काच आहे. ॲल्युमिनाची मूस थोडी विरघळते हे विश्लेषणात लक्षात ठेवायचं. प्लॅटिनमची मूस मात्र वापरू नये. राखेतलं शिसं धातुरूप झालं तर प्लॅटिनमशी मिश्रधातू करून तिला भोक पाडतं.

भट्टी

तेल किंवा वायू जाळून राखेच्या ढिगाचा पृष्ठभाग वितळवणारी भट्टी सगळ्यात साधी. धूर फार निघतो, त्यामुळे वायुशुद्धीकरण मोठं लागतं. विद्युत चापाची भट्टी ग्राफाइटच्या कांड्यांवर चालते. प्लाझ्मा टॉर्चमध्ये वायूचा झोत हजारो अंशांवर जातो, आणि जे कशानेच वितळत नाही ते वितळवायला तो उपयोगी. फ्रान्समध्ये मोर्सेंस (Morcenx) इथे ॲस्बेस्टॉसचा कचरा प्लाझ्माने वितळवून त्याचा ‘कोफालित’ नावाचा दगडासारखा पदार्थ केला गेला आहे. चौथा प्रकार काचउद्योगातला: वितळलेली काच वीज वाहते, तिच्यात बुडवलेल्या कांड्यांमधून प्रवाह सोडला की ती आतूनच तापते. या भट्टीत वर न वितळलेल्या मिश्रणाचा थंड थर ठेवता येतो. खालून येणारी जस्त-शिशाची वाफ त्या थरात अडकते आणि परत काचेत उतरते. धुतलेल्या राखेला हीच भट्टी योग्य. न धुतलेली घातली तर थंड थरात मीठ साचून कडक कवच बनतं, खाली पोकळी राहते आणि मग कवच एकदम कोसळतं.

भट्टी निवडण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो: धातू काचेत ठेवायचे की बाहेर हाकलायचे? काचेत ठेवायचे तर क्लोरीन कमी, वातावरण ऑक्सिजनयुक्त, वर थंड थर. हाकलायचे तर उलट: कार्बन असलेलं, ऑक्सिजन हिरावणारं वातावरण. तिथे जस्ताचं ऑक्साईड धातू बनतं, आणि धातू जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, कॅडमियम ७६७ ला. ते धूळ म्हणून फिल्टरमध्ये जमा होतात. दोन्ही मार्ग बरोबर आहेत. चूक होते ती मध्येच लोंबकळण्यात: थोडं शिसं काचेत, थोडं धुळीत, आणि दोन्ही पदार्थ चाचणीत नापास.

भट्टी कुठे मार खाते हेही ठरलेलं असतं. काचेचा पृष्ठभाग विटेला जिथे लागतो ती रेषा सगळ्यात आधी झिजते. तिथे काच, मीठ आणि हवा तिघं एकत्र भिडतात. क्रोमियमच्या विटा जास्त टिकतात, पण ऑक्सिजन आणि अल्कली मिळून त्यातून विषारी षट्संयुजी क्रोमियम तयार होऊ शकतं, जे काचेत आणि धुळीत दोन्हीकडे जातं. दुसरा उपाय म्हणजे पाण्याने थंड केलेली धातूची भिंत; तिच्यावर काचेचाच गोठलेला थर बसतो आणि तोच अस्तर होतो. उष्णता जाते, पण भिंत टिकते.

तळाची भीती वेगळी. राखेत न जळलेला कार्बन जास्त असेल किंवा धातुरूप ॲल्युमिनियम राहिलं असेल, तर लोखंड, तांबं, शिसं यांची ऑक्साईडं धातू बनून खाली बसतात. लोखंड-तांब्याचा थर ठरावीक वेळाने वेगळ्या तोटीतून काढता येतो. शिसं तसं सरळ नाही. ते पातळ आणि जड, विटांच्या सांध्यात शिरून खाली खाली भोक पाडत जातं. म्हणून राखेचा ज्वलनघट, म्हणजे जाळल्यावर तिचं वजन किती टक्के घटतं ते, मोजल्याशिवाय ती भट्टीत घालू नये. तीन टक्क्यांच्या वर गेला तर मिश्रण बदलावं किंवा राख आधी भाजून घ्यावी.

आणि तोटी. भट्टी बंद पडण्याचं सगळ्यात मामुली आणि सगळ्यात वारंवार येणारं कारण हेच. आत १४०० अंश असले तरी तोटीत शंभर-दीडशे अंश कमी असतात, आणि जास्त चुन्याची काच नेमकी तिथेच स्फटिक धरते. तोटीला स्वतंत्र बर्नर किंवा विजेचं तापन हवं.

थंड कसं करता त्यावर माल ठरतो

वितळलेली धार पाण्यात पाडली की ती तडकून काही मिलिमीटरचे काळे, चकचकीत दाणे होतात. काळा किंवा गडद हिरवा रंग लोखंडामुळे; खिडकीची स्वच्छ काच यातून कधीच होणार नाही. हे दाणे वाळूच्या जागी काँक्रीटमध्ये आणि डांबरी रस्त्यात जातात. पण ताजे दाणे तसेच वापरू नयेत. त्यात सुईसारखे टोकदार तुकडे असतात, शिवाय प्रत्येक दाण्यात सूक्ष्म तडे. गिरणीत हलकं घासून कडा मोडायच्या, सुया चाळून काढायच्या, चुंबकाने धातूचे थेंब वेगळे करायचे. ॲल्युमिनियमचा कण राहिला तर काँक्रीटच्या अल्कलीत तो हायड्रोजन सोडतो आणि पृष्ठभागावर फुगवटे येतात.

साच्यात ओतून ठोकळा हवा असेल तर साधारण ६५० ते ७०० अंशांना तासभर धरून मिनिटाला एक-दोन अंशांनी उतरवायचं. घाई केली तर ठोकळा भट्टीतून बाहेर काढल्यावर कधीतरी आपोआप दुभंगतो.

जास्त किंमत मिळते ती काच-सिरॅमिकला. यात काचेला मुद्दाम, पण आपल्या ताब्यात ठेवून स्फटिक करतात. हा विचार जुना आहे: १९६० च्या दशकात सोव्हिएत संघात लोखंडाच्या झोतभट्टीतल्या धातुमळीपासून (स्लॅगपासून) ‘स्लॅगसिटाल’ नावाच्या फरशा याच तत्त्वावर बनल्या. राखेसाठी सोपा रस्ता पावडरीचा. काच दळून ७५ मायक्रॉनच्या खाली आणायची, किंचित बंधक मिसळून २० ते ४० मेगापास्कल दाबाने फरशी दाबायची, आणि ८५० ते ९५० अंशांना एक-दोन तास भाजायची. डायोप्साइड, वोलॅस्टोनाइट, ॲनॉर्थाइट, गेलेनाइट यांचे बारीक स्फटिक धरतात आणि फरशी ग्रॅनाइटला टक्कर देते.

इथे शर्यत असते. कण आधी एकमेकांत मऊ होऊन चिकटले पाहिजेत, मग स्फटिक झाले पाहिजेत. स्फटिक आधी झाले तर कण घट्ट होतात, चिकटणं थांबतं आणि फरशी सच्छिद्र राहून पाणी पिते. चुना जास्त असलेल्या काचेत नेमकं हेच होतं. उपाय: तापवण्याचा वेग वाढवणं, नाहीतर पावडरीत १० ते ३० टक्के साध्या काचेची पावडर मिसळणं.

याच पावडरीत एक-दोन टक्के सिलिकॉन कार्बाईड घालून ८५० ते ९५० अंशांना तापवलं की ती फुगून फेसकाच होते, उष्णतारोधक ठोकळ्यांसाठी. तिथेही स्फटिक हा शत्रूच. खनिज लोकरही बनते, पण तिच्या धाग्याला रोजचं रसायन एकसारखं लागतं आणि कचऱ्याची राख तशी नसते, त्यामुळे मिश्रणात बेसॉल्ट भरपूर घालावा लागतो.

पास झाली म्हणजे काय झाली

चाचणीचं नाव सांगितल्याशिवाय ‘काच सुरक्षित’ या वाक्याला अर्थ नाही. अमेरिकेच्या टीसीएलपी चाचणीत साडेनऊ मिलिमीटरखालचा नमुना २० पट ॲसेटिक आम्लाच्या द्रावात १८ तास फिरवतात, आणि शिशाची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. ही चाचणी कचरा घातक आहे का ते ठरवते, बांधकामाच्या मालाचं नाही. जपानची २००६ ची मानकं, काँक्रीटसाठी जेआयएस ए ५०३१ आणि रस्त्यासाठी ए ५०३२, शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतच सुटू देतात, म्हणजे पाचशेपट कडक. शिवाय दाण्यातलं शिसं किलोला १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. ही दुसरी अट काचेत धातू कोंडण्याच्या मार्गाला अडवते. म्हणूनच तिथल्या भट्ट्या शिसं बाहेर हाकलण्याकडे झुकल्या.

नमुना किती बारीक दळला, तेही पाहावं. दाणा चार मिलिमीटरचा असताना पास होणारी काच पावडर करून तपासली तर जास्त धातू सोडते. काच सिमेंटमध्ये दळून घालणार असाल तर चाचणी पावडरीवर, पीएच १२ च्या आसपासही व्हायला हवी.

हाकललेले धातू दुय्यम धुळीत जातात. तिच्यात जस्त-शिसं इतकं दाटलेलं असतं की धुऊन क्लोरीन काढला तर जस्ताच्या कारखान्याला कच्चा माल म्हणून देता येते. क्लोरीनसह तो कोणी घेत नाही.

काचेशी स्पर्धा करणारे स्वस्त मार्ग आहेत. जर्मनीत फ्लाय ॲश जुन्या मिठाच्या खाणींत भरावासाठी जाते. तिथे पाणीच पोचत नाही, म्हणून विरघळण्याचा प्रश्न टळतो. नॉर्वेत लांगोया बेटावर ती टाकाऊ सल्फ्युरिक आम्लाबरोबर मिसळून जिप्सम करून भरत आले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये केंद्राच्या स्वतःच्या ओल्या स्क्रबरमधलं आम्ल वापरून राख धुतात आणि जस्त वेगळं काढतात. काच करणाऱ्याला यातला तिसरा मार्ग विरोधातला नाही, उलट सोयीचा आहे. आम्लाने धुतलेल्या राखेत क्लोरीन, जस्त, कॅडमियम तिन्ही घटलेले असतात आणि आम्ल बराच चुनाही खाऊन टाकतं. मग बेसिसिटी आधीच उतरलेली मिळते, काचेचा चुरा कमी लागतो, आणि त्याच भट्टीतून त्याच विजेवर जास्त राख जाते.